सातवा आवाज कुणाचा

१

सोमवारी सकाळी कपाट उघडून मी ती निळी फाइल हातात घेतली आणि मला ती हलकी लागली. एका कागदाचं वजन हाताला कळतं का, असं कुणी विचारेल. अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली की कळतं. निदान मला कळतं, आणि ते मी सगळ्यांना सांगत असते.

आमच्या कॉलेजात चित्र, ध्वनी आणि संगणकावरचे खेळ शिकवतात. शेवटच्या वर्षाची मुलं दोघादोघांच्या जोडीने एक खेळ तयार करतात. त्या खेळात जेवढे आवाज असतील तेवढ्यांची यादी माझ्याकडे द्यायची असते: आवाज कोणता, आला कुठून, परवानगी कुणाची. ही कटकट आम्ही हौसेने ओढवून घेतलेली नाही. गेल्या वर्षी एका मुलाने जुन्या व्हिडिओ गेममधलं आठ सेकंदांचं संगीत उचलून आपल्या खेळात घातलं. कॉलेजचं काम आहे, कोण विचारतंय, असा त्याचा हिशेब. खेळ नेटवर चढला, त्याचं कौतुक झालं आणि पाठोपाठ मालकांच्या वकिलाचं पत्र आलं. प्राचार्यांनी त्याच आठवड्यात नियम केला. यादी द्यायची राहिली, तर समिती बसेपर्यंत नवी देता येते. सही केलेली यादी खोटी निघाली, तर वर्ष रद्द.

समिती मंगळवारी चार वाजता बसणार होती आणि या फाइलमध्ये यादीच नव्हती.

फाइल होती भुणभुण आणि रबर यांची. भुणभुण ही मुलगी सतत काहीतरी गुणगुणत असते, वाचनालयातसुद्धा, आणि मी नुसती मान वर केली की जीभ चावते. रबर हा तिचा जोडीदार. तो चित्रं काढतो त्यापेक्षा जास्त खोडतो. त्यांच्या खेळात एक गोगलगाय दहा मजल्यांची इमारत चढते. मला खेळांतलं फारसं कळत नाही, पण ती गोगलगाय मला आवडली होती. तिला घाई नव्हती.

मी फाइल नीट पाहिली. कागद ओढून काढला असता तर भोकं फाटली असती. इथे कुणीतरी दोरी सोडवून बरोबर एकच कागद काढला होता, बाकीचे सारखे केले होते आणि दोरी पुन्हा बांधली होती. चोर एवढा टापटिपीचा असलेला मी पाहिला नव्हता. यादीच्या जागी एक चिठ्ठी होती, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलेली. खाली सही नव्हती.

"सातवा आवाज दुसऱ्याचा आहे. समितीच्या आधी तुम्ही ऐका."

२

आवाजांचं म्हटलं की आमच्याकडे एकच माणूस, ध्वनीचे सर. जुन्या खेळयंत्रांचा त्यांना भारी नाद. त्यांच्या खोलीत टीव्हीला जोडायची यंत्रं फळीवर ओळीने मांडलेली असतात आणि त्यांतली बरीचशी अजून चालतातही. मी चिठ्ठीबद्दल काही न सांगता भुणभुणच्या खेळातला सातवा आवाज त्यांना ऐकवला. चढत जाणारे चार सूर होते. गोगलगायीला किल्ली सापडली की ते वाजतात.

सर लगेच उठले. म्हणाले, हा आवाज मी ओळखतो, चाळीस वर्षांपूर्वीच्या एका खेळातला आहे. दोन वर्षांत हात लावला नाही, असं म्हणत त्यांनी फळीवरचं एक यंत्र चालू केलं. पडद्यावर चौकोनी चौकोनी माणूस धावला, एका दारापाशी थांबला, दार उघडलं आणि तेच चार सूर वाजले. तिसऱ्या सुरात बारीकशी खरखर होती, तीही तशीच. सरांचा चेहरा पडला. ही त्यांची सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी.

आम्ही भुणभुणला बोलावलं. ती आली ती खुशीत होती. चौदाही आवाज कसे केले हे ती भराभरा सांगायला लागली: डब्यावर चमचा, पिशवीची चुरचूर, पाण्यात फुंकर. सातव्याचं विचारल्यावर तोही मीच केला, असं तिने तोंड भरून सांगितलं.

मग सरांनी यंत्र पुन्हा चालू केलं.

मी यंत्राकडे नाही, तिच्याकडे पाहत होते. चोरी पकडली गेलेल्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो, पुस्तकांची पानं फाडणारे कितीतरी मी पाहिले आहेत. हिच्या चेहऱ्यावर आधी नुसतं नवल होतं. जणू ते सूर तिथून येतील असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. मग काहीतरी तिच्या ध्यानात आलं आणि तिचा चेहरा एकदम मिटला.

"मी चोरला," ती म्हणाली. "या खेळातूनच घेतला. दुसऱ्या कुणाचा काही संबंध नाही."

३

कबुली मिळाली की तपास संपतो, असं लोकांना वाटतं. मला उलट तिथेच कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. दोन मिनिटांपूर्वी ज्या मुलीला नवल वाटत होतं, ती आता स्वतःहून वर्ष गमवायला तयार झाली होती. घरची माणसं किती आस लावून बसली असतील, ती स्वतः किती रात्री जागली असेल, सगळ्यावर पाणी सोडायचं आणि वर असं ताठ उभं राहायचं. मला तिची काळजी वाटली आणि थोडा रागही आला. मी ती कबुली कागदावर घेतली नाही. उद्या चारपर्यंत वेळ आहे, एवढंच म्हणाले.

जाताना मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या मूळ खेळात हा आवाज कधी वाजतो गं? तिने तेव्हा यंत्र ऐकलं होतं, पडद्याकडे पाहिलं नव्हतं. ती जरा अडखळली आणि म्हणाली, नाणं मिळाल्यावर. चूक. दार उघडल्यावर वाजतो. ज्या खेळातून आवाज उचलला, तो खेळ या मुलीने जन्मात पाहिलेला नव्हता.

दुपारी मी रबरला गाठलं. हा पोरगा एका प्रश्नाला तीन मिनिटं घेतो आणि मग दिलेलं उत्तर मागे घेतो. आवाजांशी आपला संबंध नाही, आपण फक्त इमारतीच्या खिडक्या काढल्या, असं सांगून त्याने हात वर केले. यादी भरली तेव्हा आपण शेजारी होतो, पण वाचली नाही. शुक्रवारी ध्वनीच्या सरांनी सगळ्या फाइली तपासल्या, त्यानंतर फाइल आपण पाहिलेली नाही. हे सगळं सांगून झाल्यावर, मी उठायच्या बेतात असताना, त्याला एक गोष्ट आठवली. तीन महिन्यांपूर्वी भुणभुणने त्याच्या आजोबांचा टेपरेकॉर्डर दोन दिवसांसाठी मागून नेला होता. कशाला, ते त्याने विचारलं नव्हतं. आजोबांनी मात्र रोज विचारलं होतं, परत कधी येणार.

यंत्रातला आवाज मी फोनवर टेपून घेतला होता. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी दोन्ही आवाज माझ्या टेबलावर, माझ्या शांततेत ऐकले. एकदा, दोनदा, दहादा. अकराव्यांदा मला ते ऐकू आलं आणि मी खुर्चीतच सरळ बसले.

यंत्रातला आवाज चौथ्या सुरावर तोडल्यासारखा संपत होता. भुणभुणच्या आवाजात चौथा सूर पुढे विरत जात होता, मग बारीक सूं चालत होती आणि अगदी शेवटी लाकडी खुर्ची करकरली होती. खुर्ची करकरण्यात माझी चूक होणार नाही, तो माझा धंदा आहे. म्हणजे यंत्रात होतं त्यापेक्षा जास्त तिच्याकडे होतं. यंत्रातून उचललेल्या आवाजात यंत्रात नसलेली खुर्ची कुठून येणार?

४

मंगळवारी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

सर भला माणूस, पण खोटं बोलायचं कसब त्यांच्याकडे मुळीच नाही. यंत्राला दोन वर्षं हात लावला नाही म्हणाले, आणि फळीवर सगळीकडे धूळ असताना ते एकटं लख्ख पुसलेलं होतं. टीव्हीची वायरही आधीच जोडलेली होती. त्यातून शुक्रवारी फाइली त्यांच्याच हातात होत्या आणि दोरी एवढी नीट बांधणारे आमच्याकडे आम्ही दोघंच. मी हे त्यांना एकेक करून सांगितलं. ते ऐकत राहिले, मग टेबलाचा खण उघडून त्यांनी यादी बाहेर काढली.

"चिठ्ठी माझीच," ते म्हणाले. "गेल्या वर्षी त्या मुलाला मी सरळ तोंडावर विचारलं होतं, सगळ्यांसमोर. तो शिक्षणच सोडून गेला. मला पुन्हा ते जमलं नसतं, मॅडम."

यादी का काढली, ते मला कळलंच होतं. सगळं स्वतः केलं असं लिहून खाली तिची सही होती. ती यादी समितीपुढे गेली असती तर वर्ष गेलंच. यादी हरवली, तर तिला खरं काय ते नव्याने लिहिता येणार होतं. ज्या दिवशी खेळ वाजवून पाहिला त्याच दिवशी सरांनी सूर ओळखले होते आणि आठवडाभर ते गिळून बसले होते. चोरी केली ती मुलीला वाचवायला. मी त्यांना दोन शब्द सुनावणार होते, पण सुनावले नाहीत. माझ्या कपाटाला पुन्हा हात लावायचा नाही, एवढी तंबी मात्र दिली.

मग मी यादी पाहिली. चौदा ओळी, सगळ्यांपुढे 'स्वतः'. सातव्या ओळीत आधी दुसरंच काही लिहून ते गिरगटलं होतं आणि वर 'स्वतः' लिहिलं होतं. मी कागद खिडकीच्या काचेला लावला. उन्हात शाईच्या खालचं पेन्सिलीचं अक्षर दिसलं.

तिथे लिहिलं होतं, 'आत्या'.

५

भुणभुणच्या घरी ती आणि तिची आत्या, दोघीच. आत्यानेच तिला लहानाची मोठी केली. आत्याचं चष्म्यांचं छोटं दुकान आहे हे प्रवेशाच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं. माझ्या चष्म्याची काडी गेले सहा महिने ढिली होती, तेव्हा निमित्त शोधावं लागलं नाही.

दुकान अरुंद होतं आणि आरशांमुळे दुप्पट वाटत होतं. आत्या साठीची, कमी बोलणारी, बोटं मात्र भारी चपळ. स्क्रू बसवून होईपर्यंत मी कोण ते सांगितलं आणि फोनवर भुणभुणचा सातवा आवाज लावला. खुर्ची करकरण्याच्या आतच तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

तिचा आवाज चढला. माझ्या पेटीला हात लावला का तिने? त्या पेटीत काय आहे ते मी आजवर कुणाला दाखवलेलं नाही. मी तिला बोलू दिलं, मग दुसरा आवाज लावला, यंत्रातला, तोडलेला.

तिने फोन जवळ ओढला. तिने तो पुन्हा लावायला सांगितला.

"हा कशातला?"

"एका जुन्या खेळातला," मी म्हणाले. "सर म्हणतात, त्या काळी घरोघर होता तो खेळ. दार उघडलं की हे वाजतं."

आत्या स्टुलावर बसली. बरीच वर्षं दाबून ठेवलेलं माणूस सांगायला लागलं की तुकड्यातुकड्यांत सांगतं, तसं तिने सांगितलं. विशीत तिला सुरांचं वेड होतं. खेळ काढणाऱ्या एका कंपनीला आवाज हवे होते. तिने स्वयंपाकघरात छोट्या कीबोर्डवर बारा आवाज वाजवले, टेपरेकॉर्डरवर घेतले आणि कॅसेट पाठवली. महिन्याभराने कॅसेट परत आली, बरोबर पत्र. तुमचे आवाज आमच्या उपयोगाचे नाहीत. तिने कीबोर्ड कुणाला तरी देऊन टाकला आणि चष्म्यांचं काम शिकून घेतलं. पुढे घरात तो खेळ आला नाही, तिने तो कधी ऐकला नाही. आपल्याला काही येत नव्हतं, असंच ती चाळीस वर्षं धरून चालली होती.

मी विचारलं, ते पत्र आहे का अजून?

ती आत गेली. मी बाहेर उभी राहून देवाला नाही, पण कागद जपून ठेवणाऱ्या सगळ्या माणसांना मनातल्या मनात दुवा दिला. ती लिफाफा घेऊन आली. आत पत्र होतं, शिक्क्यासकट, तारखेसकट. मी फोनवरून सरांना त्यांच्या खेळाच्या खोक्यावरचा महिना आणि साल विचारलं. तो खेळ त्या पत्रानंतर दहा महिन्यांनी बाजारात आला होता.

"दुकान बंद करता का दुपारी?" मी म्हणाले. "तुमची भाची तुमच्यासाठी वर्ष घालवायला निघाली आहे."

६

दोन वाजता वाचनालयात आम्ही बसलो. सर, रबर, मी आणि भुणभुण. आत्या दारातून आली तशी भुणभुण उठून उभी राहिली आणि घाईने बोलायला लागली. आत्याचा काही संबंध नाही, चोरी माझीच, मी तर लिहून द्यायला तयार आहे.

मी तिला बसायला सांगितलं. पहिल्यांदाच वाचनालयात माझा आवाज मला हवा तेवढा मोठा निघाला.

मग मी क्रमाने सांगितलं. आवाज तिने खेळातून घेतला नव्हता, कारण तो खेळ तिला ठाऊकच नव्हता आणि तिच्या आवाजात यंत्रात नसलेली खुर्ची होती. तो कॅसेटवरून आला होता, म्हणून टेपरेकॉर्डर लागला. कॅसेट आत्याच्या पेटीतली. न विचारता घेतलेली, म्हणून 'आत्या' लिहून खोडलं. घरचीच तर वस्तू, परवानगी कशाला, अशी तिने स्वतःची समजूत घातली. आणि काल यंत्रातून तेच सूर ऐकले तेव्हा तिला वाटलं, आत्यानेच कधीकाळी हे खेळातून चोरून टेप केले असणार. आत्याचं नाव चोर म्हणून निघण्यापेक्षा आपलं निघालेलं बरं, म्हणून ती कबुली.

भुणभुण मान खाली घालून बसली होती. ती नाही म्हणाली नाही.

"तू तिला चोर समजलीस," मी म्हणाले, "आणि तरी तिच्या बाजूने उभी राहिलीस. पण उलटं आहे गं. तिचं त्यांनी घेतलं."

मी पत्र टेबलावर ठेवलं. कंपनीने नको म्हणून कॅसेट परत केली आणि त्याआधी तिच्यावरून आवाज उतरवून घेतला. पुढे यंत्रात जागा पुरेना म्हणून असेल, शेवटचा सूर तोडून वापरला. कॉलेजच्या वकिलांना मी पत्र वाचून दाखवलं होतं. त्यांचं मत स्वच्छ पडलं: कुठल्याही कागदावर तिची सही नाही, काम नाकारल्याचा पुरावा आहे, तेव्हा आवाज तिचाच. ती परवानगी देईल तर समितीला हरकत घ्यायला जागा नाही. सरांनी रुमाल काढून चष्मा पुसला आणि नंतर बराच वेळ पुसतच राहिले. रबर म्हणाला, मग त्या जुन्या खेळाच्या खोक्यावर आता नाव खोडून लिहावं लागेल. खोडायचं म्हटलं की त्याला पहिल्यांदा सुचतं.

भुणभुणने आत्याकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. पेटी उघडली त्याबद्दल माफी, चोर समजले त्याबद्दल माफी, सगळं एकात एक मिसळून गेलं. आत्या तिला जवळ घ्यायला गेली नाही. ती म्हणाली, कॅसेट जागेवर ठेवताना उलटी ठेवलीस, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. भुणभुण रडता रडता हसली.

मी नवी यादी आणि परवानगीचा कोरा फॉर्म पुढे सरकवला. भुणभुणने चौदाही ओळी पुन्हा लिहिल्या, या वेळी कुठेही न खोडता. आत्याने फॉर्म दोनदा वाचला, मी चष्मे विकणाऱ्या बाईकडून अपेक्षा करावी तितक्या बारकाईने. पेन उघडलं. आणि तसंच हातात धरून थांबली.

तीन वाजून गेले होते. भुणभुणचा जीव टांगणीला लागलेला मला दिसत होता, माझाही लागला होता. आत्याला नको म्हणायचा पुरा हक्क होता. एकदा तिच्याकडून घेऊन गेले, दुसऱ्यांदाही घेऊनच गेले, घरचं माणूस असलं म्हणून काय झालं.

"मॅडम, सही मी करते," आत्या शेवटी म्हणाली. "पण आधी हिने विचारलं पाहिजे. फॉर्मने नाही."

भुणभुणने डोळे पुसले. रोज ज्या बाईशी ती दिवसभर वटवट करते, तिच्यासमोर ती परीक्षेला उभी असावी तशी उभी राहिली.

"आत्या, तुझा आवाज मी माझ्या खेळात वापरू का?"

आत्याने तिच्याकडे पाहिलं.

"चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "वापर."

आणि तिने आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.